पाळणाघरात काम करायचंय, पण लसींचे कागद नाहीत: कॅलिफोर्नियातले नियम

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी,

मी फ्रीमाँटला राहते. बरीच वर्षं घरी होते. वर्क परमिट हातात आल्यावर कम्युनिटी कॉलेजमधून बालशिक्षणाचे युनिट्स पूर्ण केले आणि आता एका डेकेअरमध्ये तान्ह्या बाळांच्या खोलीत असिस्टंट म्हणून काम मिळालंय. बोटांचे ठसे, फर्स्ट एड, सीपीआर सगळं पार पडलं. अडलंय ते लसींपाशी. गोवर, डांग्या खोकला आणि फ्लू या तीन लसींचा लेखी पुरावा मागितलाय, शिवाय टीबीची तपासणी.

माझा जन्म १९८६चा, शिरोळ तालुक्यातला. आई सांगते, "सगळे डोस वेळेवर दिलेत, उपकेंद्रातल्या नर्सबाई स्वतः घरी यायच्या." कार्डही जपून ठेवलं होतं, पण २०१९च्या पुरात घरातले सगळेच कागद गेले.

तर जाणकारांनी सांगा: जुना कागद नसेल तर लस परत घ्यायची का, आणि दोनदा घेतल्याने काही अपाय होतो का? दंडावर बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा, व्रण आहे, त्यामुळे टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह येते असं मैत्रीण म्हणते, ते खरं का? आणि हा नियम नक्की काय आहे, तेही नीट समजून घ्यायचंय. डायरेक्टरबाईंनी कागद हातात दिला, पण घाईत होत्या.

---

माई_सॅनहोजे

चैत्रपालवी, अभिनंदन! तान्ह्यांच्या खोलीत काम मिळालं म्हणजे विश्वासाचं काम मिळालं.

मी घरीच डेकेअर चालवते, मोठ्या परवान्याचं, म्हणजे १४ मुलांपर्यंत. हा नियम आला तेव्हापासून पाळतेय, म्हणून सांगते. कायद्याचं नाव एसबी ७९२. २०१५च्या ऑक्टोबरात गव्हर्नरांची सही झाली आणि १ सप्टेंबर २०१६ पासून लागू झाला. डेकेअर सेंटर असो की माझ्यासारखं घरगुती, तिथे नोकरी करणारा किंवा स्वयंसेवक म्हणून येणारा प्रत्येक जण गोवर, डांग्या खोकला आणि फ्लू या तिन्हींसाठी लसवंत असला पाहिजे. फ्लूची लस दरवर्षी, १ ऑगस्ट ते १ डिसेंबरच्या दरम्यान.

सूट कोणाला? लस घेणं तुमच्या प्रकृतीला सुरक्षित नाही असं डॉक्टरने लिहून दिलं तर. किंवा तुमच्या अंगात प्रतिकारशक्ती आहे असं डॉक्टरने लिहून दिलं तर. फ्लू तेवढा "मी घेत नाही" असं स्वतः लिहून सही करून नाकारता येतो. गोवर आणि डांग्या खोकल्याला ही सवलत नाही, धर्माचं किंवा मताचं कारणही चालत नाही.

तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे कागद गोळा करायला वेळ हवा असेल तर "माझं लसीकरण झालेलं आहे" असं लिहून, तारीख घालून सही करायची आणि जास्तीत जास्त ३० दिवस तात्पुरतं काम करता येतं. पण सही करण्याआधी विचार कर. ती सही खरं सांगण्यासाठी आहे. खात्री नसेल तर आधी जाऊन लस घे, फार्मसीत अर्ध्या तासात काम होतं. विमा असेल तर बहुतेकांना खिशातून काही द्यावं लागत नाही. विमा नसेल तर काउंटीच्या आरोग्य विभागात चौकशी कर.

आणि इथे घेतलेली प्रत्येक लस राज्याच्या नोंदणीत चढते. डिजिटल व्हॅक्सिन रेकॉर्डच्या साइटवरून स्वतःची नोंद काढून फोनमध्ये ठेव. पुराचं पाणी तिथवर पोचत नाही.

---

बालवैद्य

माईंनी कायदा छान सांगितला. मी वैद्यकीय बाजू लिहितो. मी बालरोगतज्ज्ञ आहे, आधी सोलापूरला होतो, आता सॅक्रामेंटोजवळ.

चैत्रपालवी, तुमचं कार्ड सापडलं असतं तरी तुम्हाला लस घ्यावीच लागली असती, असं मी म्हणेन. कारण असं: भारतात १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा गोवराचा एकच डोस होता, तोही नवव्या महिन्यात. दुसरा डोस कार्यक्रमात आला २०१० नंतर. इकडच्या नियमानुसार पहिल्या वाढदिवसाच्या आत दिलेला गोवराचा डोस मोजतच नाहीत. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात त्या वयात अजून असू शकतात आणि ती लसीचं काम अर्धवट ठेवतात. भारतात नवव्या महिन्यात देतात तेही बरोबरच आहे, कारण तिथे गोवर लहान वयात गाठतो आणि वर्षभर थांबणं परवडत नाही. पण त्यामुळे आपल्या पिढीतले लाखो लोक "लस झालीय" असं प्रामाणिकपणे म्हणतात आणि कागदावर शून्यावर असतात.

एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस, परत घेतल्याने अपाय नाही. आधीच प्रतिकारशक्ती असेल तर शरीर त्या लसीतला विषाणू तिथल्या तिथे निकामी करतं, एवढंच. रक्त तपासून आयजीजी, म्हणजे गोवराविरुद्धची प्रतिपिंडं, बघता येतात, पण मी बहुतेकांना थेट लस घ्यायला सांगतो. टेस्ट कधी कधी खोटी निगेटिव्ह येते, मग परत लस, परत फेरी. प्रौढांना साधारण एक डोस पुरतो. मात्र दर एक-दोन वर्षांनी भारतात जाणाऱ्यांना, म्हणजे आपल्यापैकी जवळजवळ सगळ्यांना, किमान २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस घ्यावेत अशी सीडीसीची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेची, शिफारस आहे.

गरोदर असाल तर एमएमआर घ्यायची नाही, आणि घेतल्यावर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही. अंगावर पाजत असाल तर चालते.

डांग्या खोकल्यासाठी टीडॅप. ही लस लहानपणच्या ट्रिपलसारखीच (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात), पण मोठ्यांसाठीची. लहानपणची प्रतिकारशक्ती वर्षांगणिक उतरते, म्हणून मोठेपणी ती परत घ्यावी लागते.

आता टीबी. मैत्रीण बरोबर सांगते. बीसीजी झालेल्यांची कातडीवरची टेस्ट फसवी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग उगाच छातीचा एक्सरे, उगाच धास्ती. रक्तातली क्वांटिफेरॉनसारखी टेस्ट मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. आणि एक बाब कोणी सांगत नाही: एमएमआरने टीबीच्या टेस्टची प्रतिक्रिया काही आठवडे दबू शकते. म्हणून दोन्ही एकाच दिवशी करा किंवा टीबीची टेस्ट आधी उरका. एमएमआर आधी झाली तर टेस्टसाठी किमान चार आठवडे थांबावं लागेल, आणि तुमच्याकडे तेवढा वेळ दिसत नाही.

---

चैत्रपालवी

डॉक्टर, माई, मनापासून आभार. ते पहिल्या वाढदिवसाचं मला कोणीच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही वाचायला दिलं, त्याचाही जन्म १९८४चा. तोही घेईल म्हणतोय.

उद्या टीबीचं रक्त आणि एमएमआर एकाच फेरीत करते.

---

रानजाई

मी सेंटरमध्येच शिक्षिका आहे, ओकलंड भागात. थोडं वेगळं मत मांडते, रागावू नका.

माझ्याबरोबर एक बाई आहेत, मुलांवर त्यांचा अतोनात जीव. त्यांचा लसीला विरोध आहे. त्यांचं म्हणणं, माझ्या शरीरात काय जावं हे माझा मालक कसा ठरवणार? आम्ही तासाच्या पगारावर काम करतो, त्यातही ही सक्ती. आणि फ्लूला सही करून नाही म्हणता येतं, मग गोवराला का नाही? मला त्यांना काय उत्तर द्यावं कळत नाही. त्या वाईट नाहीत, घाबरलेल्या आहेत.

---

बालवैद्य

रानजाई, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पाळणाघरात सहा आठवड्यांचं बाळ येतं. त्याला डांग्या खोकल्याची पहिली लस मिळते दोन महिन्यांना, मग चार, मग सहा. फ्लूची सहा महिन्यांच्या आधी देताच येत नाही. गोवराची बारा महिन्यांनंतर. म्हणजे तान्ह्यांच्या त्या खोलीतल्या बाळांना स्वतःचं असं संरक्षण जवळजवळ नाही. त्यांच्या आसपासची मोठी माणसं लस घेतलेली असणं, हेच त्यांचं संरक्षण.

हा कायदा हवेतून आलेला नाही. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याची साथ आली. नऊ हजारांवर रुग्ण, आणि १० तान्ही बाळं गेली. मोठ्यांना डांग्या खोकला होतो तेव्हा तो रेंगाळलेला खोकला वाटतो, माणूस कामावर जात राहतो. त्याच माणसाच्या मांडीवरच्या दोन महिन्यांच्या बाळाला कधी कधी खोकलाही येत नाही, श्वासच थांबतो. मी अशी बाळं हातात घेतलेली आहेत.

मग २०१४च्या डिसेंबरात डिस्नेलँडमधून गोवर पसरला. एकट्या कॅलिफोर्नियात सव्वाशेहून जास्त रुग्ण झाले. त्याच हिवाळ्यात इलिनॉयमधल्या पॅलाटाइनच्या एका पाळणाघरात पाच बाळांना गोवर झाला, सगळी वर्षाच्या आतली. लस देण्याच्या वयाचीच नव्हती ती. त्या वर्षी कॅलिफोर्नियाने दोन कायदे केले: शाळा-पाळणाघरातल्या मुलांसाठी मताच्या कारणावरची सूट काढली, ते एसबी २७७, आणि मोठ्यांसाठी हे एसबी ७९२. मुलांवर सक्ती करायची आणि त्यांना दिवसभर कडेवर घेणाऱ्यांना विचारायचंही नाही, हे कसं टिकणार?

फ्लूला सूट का, याचं कायदा करणाऱ्यांच्या मनातलं उत्तर मला देता येणार नाही. वैद्यकीय फरक मात्र मोठा आहे. फ्लूची लस दरवर्षी बदलते आणि तिचा गुणही वर्षागणिक कमी-जास्त होतो. गोवराच्या लसीचे दोन डोस जवळजवळ ९७ टक्के संरक्षण देतात. आणि गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेला तरी विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत राहतो. लस न घेतलेल्या, जवळ आलेल्या दहापैकी नऊ जणांना तो गाठतो. माझं स्वतःचं मत विचाराल तर तान्ह्यांच्या खोलीत काम करणाऱ्यांनी फ्लूलाही नाही म्हणू नये.

त्या बाईंना कायदा सांगू नका. त्यांच्या खोलीतल्या सर्वात लहान बाळाचं वय विचारा आणि त्याला कोणकोणत्या लसी झाल्यात ते दोघींनी मिळून फाइलीत बघा.

---

माई_सॅनहोजे

रानजाई, पगाराच्या मुद्द्यावर मी तुझ्या बाजूने. टीडॅप घेतल्यावर हात दोन दिवस दुखतो, आणि आमच्या कामात तर दिवसभर उचलणंच असतं. मी माझ्या मदतनीस मुलींना शुक्रवारी दुपारी पाठवते, त्या वेळेचा पगार देते, फार्मसीत काही पैसे लागले तर ते माझे. ज्यांना परवडतं त्या सेंटरवाल्यांनी हे करायलाच हवं. लसीची अट घालायची आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा, हे मला पटत नाही.

---

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून लिहितेय. डसेलडॉर्फजवळच्या किटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघर-बालवाडीत, काम करते, म्हणून धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे १ मार्च २०२० पासून गोवर संरक्षण कायदा आहे. १९७० नंतर जन्मलेल्या, किटात, शाळेत, घरगुती पाळणाघरात किंवा दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला गोवराचे दोन डोस झाल्याचा किंवा प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा द्यावा लागतो. नवीन माणसाला पुराव्याशिवाय कामावर घेताच येत नाही. प्रॅक्टिकमला येणाऱ्या मुलामुलींनाही तेच. दंड २५०० युरोपर्यंत. आधीपासून कामावर असलेल्यांना दिलेली मुदत कोविडमुळे दोनदा वाढवली, शेवटी ३१ जुलै २०२२ ठरली.

इथे पालक कोर्टात गेले होते. कायदा फक्त गोवराचा, पण नुसती गोवराची लस इथे मिळत नाही, गालगुंड आणि रुबेलासकटच घ्यावी लागते, हा त्यांचा एक मोठा आक्षेप. घटना न्यायालयाने २०२२ मध्ये कायदा कायम ठेवला. ज्यांना लस घेताच येत नाही अशांचं रक्षण पालकांच्या हक्कापेक्षा इथे जड ठरतं, असा त्याचा आशय.

पण डांग्या खोकल्याचा पुरावा कायद्याने मागत नाहीत, फक्त शिफारस आहे. डॉक्टरांनी वर लिहिलेलं वाचून मला ते अपुरं वाटायला लागलंय.

भारतातून येणाऱ्या मुलींना सांगणं: इकडे लसींच्या नोंदीचं पिवळं इम्फपास पुस्तक असतं. भारतातले कागद मराठीत किंवा हिंदीत असतील तर निघण्याआधीच डॉक्टरकडून इंग्रजीत, तारखांसकट, सही-शिक्क्याने लिहून आणा.

---

कोथरूडची_सई

मी पुण्यात पाळणाघर चालवते. बावीस मुलं, चार मावशी, एक स्वयंपाकाच्या काकू. तुमचं सगळं वाचलं आणि रात्री झोप लागली नाही.

पालक भेटायला येतात तेव्हा काय विचारतात? सीसीटीव्ही आहे का, मावशींचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का. २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात बाळाला मारहाण झाल्यापासून हे दोन प्रश्न ठरलेले, आणि ते विचारलेच पाहिजेत. पण मावशींच्या लसींबद्दल मला आजवर एकाही पालकाने विचारलेलं नाही, कुठल्या तपासणीतही विषय निघाला नाही.

माझ्या मावशी चाळिशी-पन्नाशीतल्या. दोघींचं लहानपण उसतोडीच्या फडावर गेलं, लसीचं कार्ड वगैरे प्रश्नच नाही. एकीचं म्हणणं, "मला लहानपणी गोवर येऊन गेला, आईने कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं." याला पुरावा मानायचा का? आणि मी नियमाची वाट न बघता स्वतःहून काही करायचं ठरवलं तर कुठून सुरुवात करू?

---

बालवैद्य

सईताई, तुम्ही स्वतःहून विचारताय याचा फार आनंद झाला.

नुसत्या आठवणीवर जाऊ नका. अंगावर पुरळ आणि ताप आला की घरोघरी त्याला गोवर म्हणायचे, त्यातल्या कितीतरी वेळा तो रुबेला किंवा दुसराच विषाणू असतो. म्हणून लेखी पुरावा किंवा रक्ताचा रिपोर्ट नसेल तर लस घेणं सोपं.

एमएमआर पुण्यात खासगी दवाखान्यात सहज मिळते. गोवराची लस बनते तीही तुमच्याच गावात, हडपसरला. टीडॅप मोठ्यांना सरकारी केंद्रात मिळत नाही, विकत घ्यावी लागेल, आणि ती एमएमआरपेक्षा महाग आहे. मावशींना गरोदरपणात धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं असेल, पण त्यात डांग्या खोकल्याचा भाग नसतो, म्हणून ते धरू नका. सगळ्यांचं एकदम जमत नसेल तर सहा महिन्यांखालच्या बाळांना सांभाळणाऱ्या मावशींपासून सुरू करा.

स्वयंपाकाच्या काकूंसाठी तर भारतात नियम आहेच. अन्न सुरक्षेच्या नियमांत, व्यवसाय म्हणून अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराच्या गटातल्या आजारांविरुद्ध लस सांगितलेली आहे. हॉटेलातल्या आचाऱ्याला ते लागू होतं, मग बाळाला वरणभात भरवणाऱ्या हातांचा विचार व्हायलाच हवा.

आणि गोवर आपल्याकडे जुना झालेला नाही. २०२२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीत सुरू झालेला उद्रेक आठवा. मुलं दगावली. नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस दिले गेले, आणि जिथे फार लहान बाळांना लागण होत होती तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यायचं ठरलं. ही वेळ येते तेव्हा पाळणाघरं आघाडीवर असतात.

---

कोथरूडची_सई

मावशींशी बोलले. तिघी तयार आहेत, चौथी नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली. खर्च मी करणार. प्रवेश अर्जात मुलांच्या लसींचा रकाना आहेच, आता "आमच्या कर्मचाऱ्यांचं लसीकरण" असं एक पान आमच्या बाजूने जोडतेय. पालकांनी विचारलं नाही तरी त्यांना दिसेल.

---

पारिजात६०

माझा छोटा प्रश्न. मी सध्या मुलाकडे सनीवेलला आले आहे. नातीची प्रीस्कूल पालकांच्या सहकारी तत्त्वावरची आहे, आई-वडील आळीपाळीने वर्गात मदत करतात. शिक्षिकेने मला आठवड्यातून एकदा येऊन मुलांना गाणी शिकवता का, असं विचारलंय. बिनपगारी. मलाही हे सगळं लागू होईल का? माझा जन्म १९६०चा.

---

माई_सॅनहोजे

काकू, जरूर जा, पण आधी कागद करा. कायद्यात "स्वयंसेवक" हा शब्द स्पष्ट आहे, पगाराचा संबंध नाही. लहानपणी गोवर झाला असं वाटत असेल तर रक्ततपासणी आणि डॉक्टरचं पत्र, नाहीतर सरळ एमएमआर आणि टीडॅप. फ्लू घ्याच, आपल्या वयाला तो स्वतःसाठीही हवा. ६५ पुढच्यांसाठी जास्त ताकदीची वेगळी लस असते, फार्मसीत वय सांगून तीच मागा.

तुमचा प्रवासी विमा प्रतिबंधक लसींचे पैसे बहुधा देणार नाही, म्हणून आधी काउंटीच्या क्लिनिकमध्ये फोन करून दर विचारा. आणि व्हिजिटर व्हिसावर असताना असं नियमित मदतीला जाणं चालेल का, हे मुलाकडून नीट तपासून घ्या. ते लसींपेक्षा वेगळं प्रकरण आहे. मी त्यातली जाणकार नाही.

---

रानजाई

डॉक्टर, आज दुपारी मुलं झोपल्यावर आम्ही दोघींनी फायली काढल्या. खोलीतलं सर्वात लहान बाळ सात आठवड्यांचं आहे. डांग्या खोकल्याचा एकही डोस अजून नाही.

बाईंनी तीन प्रश्न विचारले, तेच इथे लिहिते: टीडॅप घेतल्यावर संरक्षण किती दिवसांत सुरू होतं, अंड्याची ॲलर्जी असेल तर एमएमआर चालते का, आणि दोन्ही एकाच दिवशी घेता येतात का?

---

बालवैद्य

टीडॅपचं संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून बाळ खोलीत यायच्या आधी घेतलेली बरी, आता उशीर नको. अंड्याची ॲलर्जी असली तरी एमएमआर चालते. जिलेटिन किंवा निओमायसिनची तीव्र ॲलर्जी असेल तर मात्र आधी डॉक्टरशी बोलायचं. दोन्ही एकाच दिवशी घेता येतात, वेगवेगळ्या दंडात. त्यांना हवं असेल तर मला इथे निरोप धाडायला सांगा, फोनवर बोलू.